आळीची कौलं पुन्हा चढवणाऱ्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनवरून गेलं आणि आळीतली बरीच छपरं उघडी पडली. पाऊस डोक्यावर होता, जो तो पत्र्यांच्या मागे. तुम्ही मात्र आधी अंगणात पडलेली कौलं गोळा करायला लावलीत. आज आळी आळीसारखी दिसते ती त्यामुळे.

श्रीवर्धनला आलेली माणसं बाळाजी विश्वनाथांचं स्मारक पाहून परत फिरतात. पण रस्त्याकडे अंगण, जांभ्या चिऱ्याचं जोतं, ओटी, माजघर, मागची पडवी, विहीर आणि तिच्या पाटाच्या पाण्यावरची रोठा सुपारीची वाडी, असं एकामागे एक लांबत गेलेलं घरही तितकंच पाहण्याजोगं आहे. त्याचा सगळा जीव छपरात.

मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला, पुढे तसे अनेक झाले. त्यामुळे जुन्या छपरावर तीन-चार छापांची कौलं निघतात आणि त्यांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. फट राहते, वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. तुम्ही एकेक कौल उलटं करून छाप पाहिलात, टिचकी मारलीत. खणखणीत वाजलं ते ठेवलं, बद्द वाजलं ते बाजूला. छपराच्या एका पाख्यावर, म्हणजे एका उतारावर, एकाच छापाची कौलं. कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी रिपाही साडेबारा इंचांवर डोळे झाकून ठोकल्या नाहीत, त्या त्या कौलाचं माप घेतलंत. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तांब्याच्या तारेने बांधल्यात, कारण वारा कौल उचलतो तो तिथूनच, आणि लोखंडी तार खाऱ्या हवेत गंजून तुटते. वाशांची कुजलेली टोकं तेवढीच कापून सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडलात, वाळवीसाठी वर काजूच्या टरफलांचं तेल. अख्खा वासा बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतात.

भिंतींवरून तुमच्याशी वाद घालणारे आळीत कमी नव्हते. सिमेंट झटपट होतं, हे खरंच. पण चिरा पाणी पितो आणि सोडतो. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, मीठ गिलाव्यामागे फुलतं आणि पापुद्रा सुटताना चिऱ्याचं तोंडही घेऊन खाली येतो. तुम्ही हट्टाने चुनाच लावलात: निदान पंधरा दिवस भिजवलेला, एकास तीन वाळू, तीही नदीची धुतलेली, थर अर्ध्या इंचाहून जाड नाही, वर आठवडाभर ओलं गोणपाट. त्या भिंती आजही कोरड्या आहेत.

काही घरांवरचे पत्रे अजून उतरायचे आहेत. वैशाखात, पावसाआधी छपरं शाकारतात त्या वेळी, ते काम हाती घेऊ. तुम्ही शिडी चढायची नाही, ओटीवर बसून सांगायचं. कौलं चढवायला आळीतली मुलं तयार आहेत. त्यांना शिकवण्याचं मानधन मजुरीहून वेगळं ठरवलं आहे. कृपा करून नाही म्हणू नका.

आपली,
आळीतली मंडळी