मागची सीट सोडून बोलू

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा बाबा "घेतलीस ना, मग आता काय" एवढंच म्हणाले आणि फोन आईकडे दिला. म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता.

दादाने सांगितली तशी ही काही रेसची गाडी नाही. २०२१ ची फोक्सवॅगन पोलो आहे, एक लिटर टर्बो पेट्रोल, सेकंडहँड. चाकणला २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत बनत होती, मग बंद झाली. बंद पडलेलं मॉडेल कोण घेतं, हे बाबा विचारणारच. याच जातीचं इंजिन फोक्सवॅगनच्या आजच्या गाड्यांत आहे, त्यामुळे इंजिनाची काळजी नाही. बंपर आणि काचांचं पुढे बघू.

आता एक कबुली. गेल्या रविवारी मी कुंभार्ली घाट उतरून पायथ्याच्या पोफळीपर्यंत आले होते आणि तिथूनच परत फिरले. आई, रागावू नकोस. कारण पुढे येईल.

आपल्या वॅगनआरने घाट चढताना आपण एसी बंद करायचो, आठवतं? तू पदराने वारा घ्यायचीस. त्या रविवारी परतताना भर उन्हात एसी चालू ठेवून गाडी तिसऱ्या गिअरवर चढत होती. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर टर्बोचं चक्र फिरतं, ते इंजिनात जादा हवा कोंबतं, म्हणून एवढ्याशा तीन सिलिंडरांतून ११० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) निघतात. वळणावर स्टिअरिंग फिरवलं की गाडी लगेच वळते, झुकत नाही. पण इंजिनाचे फेरे मिनिटाला दीड हजारांच्या (आरपीएम) खाली गेले की ती मख्ख. एका यू वळणावर ट्रकमागे मी आळसाने तिसऱ्यातच राहिले. ट्रकने वाट दिली तर ही नुसती घुरघुरली. दुसरा टाकला तेव्हा निघाली. बाबा, एसटीत तुम्ही तीस वर्षं जे कानाने ओळखलंत, ते मला आरपीएमचा काटा बघून कळलं. उतरताना मात्र चढताना लागतो तोच गिअर ठेवला होता, ब्रेकवर पाय देऊन बसले नाही. तेवढे मार्क द्या.

दार लावलं की जड, भरीव आवाज येतो. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या आदळवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने, दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार स्टार दिले होते, बिनएअरबॅगवालीला शून्य. माझीत दोन आहेत.

आता रडगाणं. टायर सोळा इंची आणि बारीक कडेचे, त्यामुळे पाटणच्या अलीकडचा प्रत्येक खड्डा कमरेने मोजला. घाटात अ‍ॅव्हरेज बारा. आणि मागची सीट! मी माझी सीट माझ्या मापाने लावली आणि मागे जाऊन बसले, तर गुडघे पुढच्या पाठीला टेकले. मी पाच फूट तीन आहे. वॅगनआरमध्ये आई खुर्चीत बसल्यासारखी बसते, इथे पाटावर बसल्यासारखं होतं, आणि उठताना दाराला धरून उठावं लागतं. आईचे गुडघे मला माहीत आहेत. त्यातून मागची काच लहान, म्हणजे तिला गाडी लागणार. पोफळीला हेच डोक्यात आलं. अंगणात गाडी लावली असती आणि आई कौतुकाने आधी मागेच जाऊन बसली असती. तुमच्यापैकी कुणाचाही विचार न करता मी गाडी घेतली, हे तिथे लपलं नसतं.

तर असं करू. मी शनिवारी येते. रविवारी सकाळी लवकर निघू, म्हणजे बाबांना रात्रीच्या दिव्यांचा त्रास नको. आई पुढे बसेल, सीट पूर्ण मागे सरकवून. गाडी बाबा चालवतील. मागे मी.

डिकी २८० लिटरची आहे. तुमच्या दोन बॅगा आणि एक फणस. शेजारच्या काकूंना सांग, दुसरा नको.

तुमची,
बेबी