ल्यूथरन पाळकाची दीक्षा आणि तिचा अधिकार

मा. संपादक यांस,

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात अलीकडे एका पत्रलेखकाने असे म्हटले होते की, सोळाव्या शतकातील जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने सर्व विश्वासणाऱ्यांना याजक ठरवल्यामुळे, त्याच्या परंपरेतल्या ल्यूथरन मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) पाळकाची दीक्षा हा निव्वळ उपचार उरतो आणि पाळक म्हणजे मंडळीने पगारावर ठेवलेला माणूस. यातले पहिले विधान खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष ल्यूथरचा नाही.

जर्मन सरदारांना उद्देशून १५२० मध्ये लिहिताना ल्यूथरने बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक जण याजकच आहे, धर्मगुरू आणि सामान्य जन यांच्यातला फरक केवळ कामाचा आहे, असे ठामपणे मांडले. मात्र जे सर्वांचे आहे ते सर्वांच्या संमतीवाचून कोणी एकट्याने हाती घेऊ नये, हेही त्याने तिथेच बजावले. पुढे १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासकबुलीच्या, म्हणजे ल्यूथरन मंडळ्यांच्या मूलभूत श्रद्धापत्राच्या, पाचव्या कलमात देवाचे वचन आणि संस्कार (बाप्तिस्मा व प्रभुभोजन) यांची सेवा देवानेच नेमली असल्याचे म्हटले आहे, तर चौदाव्या कलमानुसार रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणीही मंडळीत जाहीरपणे शिकवू नये किंवा संस्कार देऊ नयेत. तेव्हा पाळकाला मंडळी निवडते हे खरे असले, तरी त्याचे पद मंडळीने निर्माण केलेले नसते, आणि म्हणून न रुचणारे वचन ऐकवले एवढ्यावरून त्याला घरी पाठवता येत नाही. (पगार थकवण्याचा मार्ग काही मंडळ्या शोधून काढतात, तो भाग वेगळा!)

आपल्याकडचा घोटाळा समजण्यासारखा आहे. सोलापुरातील जुन्या मराठी मंडळ्या मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे ल्यूथरन नसलेल्या मिशनच्या, कामातून उभ्या राहिल्या, आणि १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात डीकन (सेवक), प्रेसबिटर (पाळक), बिशप अशा पदांच्या पायऱ्या आहेत. ल्यूथरन विचारात मूळ पद एकच; बिशप हाही पाळकच, फक्त त्याच्याकडे अनेक मंडळ्यांची देखरेख असते. बिशपानेच पुढच्या बिशपावर हात ठेवून त्याला नेमण्याची जुनी परंपरा स्वीडनने राखली, डेन्मार्कमध्ये ती १५३७ मध्ये तुटली, तरी दोन्ही ठिकाणचे पाळक एकमेकांना पाळकच मानतात. तमिळनाडूतील तरंगमबाडीला १७३३ मध्ये आरोन या तमिळ गृहस्थांना, पहिल्या भारतीय ल्यूथरन पाळकांना, दीक्षा मिळाली तेव्हा हात ठेवायला बिशप नव्हता. मिशनरी पाळकांनीच तो विधी केला.

विधी साधाच असतो. उमेदवार मंडळीसमोर प्रश्नांची उत्तरे देऊन वचनबद्ध होतो, गुडघे टेकतो, आणि पाळक त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करतात. या क्षणी आत्म्यावर कधीही न पुसला जाणारा ठसा उमटतो, ही रोमन कॅथलिक शिकवण ल्यूथरने नाकारली. पदावरून दूर झालेला याजक इतरांसारखाच शेतकरी किंवा नागरिक, असे तो स्पष्ट लिहितो. तरीही पाळक दुसऱ्या मंडळीत गेला तर त्याला पुन्हा दीक्षा देत नाहीत, केवळ पदस्थापना करतात. या दोन गोष्टींचा मेळ घालणे अवघड आहे आणि ल्यूथरन अभ्यासकांतही त्यावर एकमत नाही.

माझ्या मते निवृत्त पाळकाच्या नावामागे लग्नपत्रिकेवर ‘रेव्हरंड’ छापायला कोणाचीच हरकत नसावी, तो आदराचा भाग आहे. पण आग्रह झाला म्हणून त्यांनी जुन्या मंडळीत परस्पर बाप्तिस्मा देणे किंवा प्रभुभोजनाचा विधी चालवणे चौदाव्या कलमात बसत नाही. त्यासाठी तिथल्या विद्यमान पाळकाने त्यांना बोलावलेले असले पाहिजे.

आपला,
एक वाचक, सोलापूर