विषय: नाल्याच्या संयुक्त पाहणीला सोसायटीचा प्रतिनिधी न पाठविल्याबाबत, व तळमजल्यावरील झोपाळ्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहायची वेळ येऊ नये म्हणून मी पुष्कळ थांबलो. सूचनापेटीत चिठ्ठी टाकून पाहिली. (पेटीची किल्ली कोणाकडे असते, हे अजून कोणी सांगू शकलेले नाही.) आपल्याला जिन्यात गाठून बोललो. सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत बसून राहिलो, आणि ते आले तेव्हा गणपूर्ती उरली नव्हती. मी स्वभावाने तक्रारखोर नाही, हे ब विंगमध्ये कोणीही सांगेल. पण परवाच्या पाहणीत जे झाले, त्यानंतर गप्प बसणे मला प्रशस्त वाटत नाही.

आपल्या मागच्या भिंतीलगतचा नाला दोन स्थानिक संस्थांच्या हद्दीवरून वाहतो. अलीकडचा काठ एकीचा, पलीकडचा दुसरीचा. गाळ कोणी उपसायचा यावरून दोन्ही कार्यालये इतकी वर्षे एकमेकींकडे बोट दाखवत आली आणि आपण दर बैठकीत त्यांना नावे ठेवत आलात. मीही मान डोलावली आहे. तर त्या दोन संस्थांनी अखेर एकत्र बसून एकच पाहणी ठरवली. दोन्हीकडचे अभियंते, दोन्हीकडचे आरोग्य निरीक्षक आणि काठावरच्या प्रत्येक सोसायटीचा एक अधिकृत प्रतिनिधी बोलावला. पलीकडच्या सोसायटीचे अध्यक्ष आले, सचिव आले, खजिनदार तर नकाशा घेऊन आले. आपल्याकडून कोणी नाही. पाहणीची सूचना आपल्या फलकावर लागली होती, पण तिच्यावर पार्किंगची नोटीस चिकटवल्याने खालचा शिक्का तेवढा दिसत होता.

मी गेलो होतो, पण व्यक्तिशः. अभियंत्यांनी सोसायटीचे पत्र मागितले. ते नव्हते. त्यामुळे आपल्या बाजूचा चेंबर न उघडताच मंडळी पुढे गेली. पत्र असते तरी तो उघडला असता का, हा प्रश्न आहेच, कारण त्याच्या झाकणावर तळमजल्यावरील सन्माननीय सभासदांनी लाद्या बसवून लोखंडी झोपाळा उभा केला आहे. ते समितीवर आहेत याचा या गोष्टीशी काही संबंध नाही, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

सभेत आपण म्हणाला होतात, “पाणी त्यांच्या उतारावरून येतं, त्यांनी बघावं.” पलीकडचे म्हणतात, पाणी तुमच्याकडे अडते म्हणून आमच्याकडे फुगते. दोघांचेही खरे आहे आणि म्हणूनच एकत्र बसायचे असते. जर्मनीतल्या एम्शर नदीकाठी हेच होते. कोळशाच्या खाणींमुळे तिथली जमीन खचायची, जमिनीखालची गटारे टिकत नसत, म्हणून गावांचे आणि कारखान्यांचे सगळे सांडपाणी नदीत जाई. पूर आला की ते घरात, पाठोपाठ रोगांच्या साथी. जो तो आपापल्या हद्दीपुरते बघत होता तोवर काही सुधारले नाही. शेवटी १८९९ साली तिथली शहरे, खाणी आणि कारखाने यांनी मिळून सगळ्या खोऱ्यासाठी एक संस्था स्थापन केली आणि खर्च वाटून घेतला. पहिल्या टप्प्यात त्यांनी नदीचेच बांधीव उघडे गटार केले, हे मी लपवत नाही. नाहीतर आपण तेवढेच वाक्य इतिवृत्तात घ्याल. पण खाणी थंडावल्यावर त्याच संस्थेने जमिनीखालून वाहिन्या टाकल्या आणि २०२१ च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यातून मोकळी झाली. शंभराहून अधिक वर्षे ही माणसे एका टेबलाशी बसत आली. आपल्याकडून एका सकाळचा एक माणूस मागितला होता.

दुसरा आक्षेप आकड्यांचा. गेल्या पावसाळ्यात पाणी किती चढले याचा आपला आकडा पलीकडच्यांशी जुळत नाही, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही, असे आपले म्हणणे. अहो, आपण पार्किंगच्या फरशीपासून मोजले आणि त्यांनी रस्त्यापासून. जुळणार कसे? अमेरिकेत फ्लोरिडाच्या आग्नेय टोकाला ब्रोवर्ड, मायामी-डेड, मनरो आणि पाम बीच अशा चार काउंट्या आहेत. समुद्र किती चढेल याचे त्यांचे अंदाज वेगवेगळे होते. हवामानबदलासाठी त्यांनी आपसात करार केला आणि २०११ मध्ये चौघींनी मिळून एकच अंदाज मान्य केला. पुढची कामे त्यावर आखली. तिथल्या राजकारणाशी तुलना करता आपल्या अ आणि ब विंगमधले मतभेद फारच किरकोळ आहेत. आपल्याला फक्त एका भिंतीवर रंगाची एक खूण करायची आहे आणि दोन्ही सोसायट्यांनी तिथूनच मोजायचे आहे. रंग मी देतो.

“पूर्वी कधी तुंबत नव्हतं” हेही वारंवार ऐकतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. मग पाऊस येतो तेव्हा थोड्या वेळात धो धो येतो. नाला जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेला, त्यात गाळ, त्यात झोपाळा.

आता आरोग्याचे. डेंग्यूचे रुग्ण दोन्ही सोसायट्यांत निघाले आणि दोन्ही सोसायट्यांनी फलकावर लिहिले की डास पलीकडून येतात. आपण धुराची गाडी मागवली, तिचे फोटो समूहावर टाकले, सर्वांनी अंगठे दाखवले. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे फोटो जुना व्हायच्या आत नवी पिढी तयार. शिवाय हा डास नाल्याच्या घाणीपेक्षा साठलेल्या स्वच्छ पाण्याला पसंती देतो. उदाहरणार्थ, झोपाळ्याभोवती मांडलेल्या कुंड्यांखालच्या ताटल्या. त्यांतले पाणी नुसते ओतून भागत नाही. अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने तग धरतात. घासावे लागते, दर आठवड्याला. हा डास फार लांब जात नाही, साधारण काहीशे मीटरच्या आतच वावरतो. तेवढ्या टापूत आपण, पलीकडची सोसायटी आणि दोन वेगवेगळी आरोग्य खाती येतो. एकीकडे सोमवारी कोरडा दिवस (म्हणजे साठलेले पाणी रिकामे करण्याचा दिवस) आणि दुसरीकडे कधीच नाही, यातून काय साधणार?

उपविधींविषयी थोडे. सामाईक जागेत कोणाही सभासदाला परस्पर बांधकाम करता येत नाही. हाच नियम माझ्या दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकला लावून मला लेखी नोटीस दिली गेली होती. रॅक मी त्याच दिवशी आत घेतला. झोपाळ्याला नोटीस गेलेली माझ्या पाहण्यात नाही. खर्चाच्या मर्यादेचे कलम काही जण पुढे करतात, पण ते इथे लागू होत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. आणि नियमच बघायचे तर १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या रिओ पर्यावरण परिषदेतल्या ‘अजेंडा २१’ या कृती-आराखड्याचे अठ्ठाविसावे प्रकरण अवश्य वाचावे. स्थानिक संस्थांनी आपल्या रहिवाशांशी आणि स्थानिक संघटनांशी बोलून कार्यक्रम ठरवावा, असे त्यात म्हटले आहे. दोन स्थानिक संस्था बोलायला आल्या होत्या. स्थानिक संघटना, म्हणजे आपण, घरी होती.

ब विंगमधल्या बहुतेकांचे मत माझ्यासारखेच आहे. सही करायला ते कचरतात, ते केवळ झोपाळ्यावर त्यांची मुले खेळतात म्हणून. अ विंगमधल्या काहींनीही मला लिफ्टमध्ये पाठिंबा दर्शवला आहे.

माझ्या मागण्या माफक आहेत. दोन्ही संस्थांची पुढची बैठक ठरते आहे. तिच्यासाठी एक प्रतिनिधी लेखी नेमावा. कोणी तयार नसल्यास माझी हरकत नाही, म्हणजे मी जाईन. पलीकडच्या सोसायटीबरोबर एकच संयुक्त अर्ज करावा, गाळ उपसण्याचा आणि एकाच दिवशी दोन्हीकडे अळ्यांची तपासणी करण्याचा. मसुदा सोबत जोडला आहे. त्यांच्या सह्या झाल्या आहेत, आपली जागा रिकामी आहे. आणि चेंबरवरच्या लाद्या काढाव्यात. याला अहवाल, उपसमिती, तज्ज्ञांचे मत असे काही लागत नाही. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ पाण्यातून पसरते म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढा असे डॉ. जॉन स्नो यांनी सांगितले, तेव्हा तिथल्या स्थानिक मंडळाला त्यांचे म्हणणे पुरतेसे पटलेही नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी दांडा निघाला. आपल्यालाही माझे म्हणणे पटायलाच हवे असा माझा हट्ट नाही.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास झाकलेल्या चेंबरचा फोटो मी दोन्ही कार्यालयांना नाइलाजाने पाठवीन. झोपाळ्यावर त्या वेळी कोणी बसलेले नसेल, एवढी काळजी घेईन.

कळावे,

आपला,
ब विंगमधील एक सभासद

सोबत : संयुक्त अर्जाचा मसुदा.
प्रत : सचिव, पलीकडची सोसायटी (त्यांनी मागितली म्हणून).