बदल हवा का, हे आधी मतदारांना विचारा

महोदय,

निवडणूक सुधारणेला उघड विरोध करणारा पक्ष क्वचितच सापडतो. तरी ती रखडते, कारण सुधारणा कशाला म्हणायचे इथेच गाडी अडते. छोट्या पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा हव्यात, मोठ्यांना स्थिर सरकार, आणि मतदाराला हक्काने जाब विचारता येईल असा आपल्या भागाचा प्रतिनिधी. यातली एकही मागणी खोटी नाही.

कॅनडाचेच पाहा. २०१५ ची निवडणूक जुन्या पद्धतीची, म्हणजे मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो त्या पद्धतीची शेवटची, असे वचन देऊन जस्टिन ट्रुडो यांचा लिबरल पक्ष सत्तेवर आला. मते ३९.५ टक्के, जागा ३३८ पैकी १८४. संसदीय समिती बसली. ट्रुडो यांचा ओढा पसंतीक्रमाच्या मतदानाकडे (उमेदवारांना १, २, ३ असे क्रम द्यायचे), न्यू डेमोक्रॅट पक्ष प्रमाणशीर प्रतिनिधित्वासाठी, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागांसाठी आग्रही, तर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे म्हणणे आधी सार्वमत घ्या. तरीही समितीने बहुमताने प्रमाणशीर पद्धत आणि सार्वमत यांची सांगड घातली. सत्ताधारी सदस्यांनी मात्र वेगळे मत नोंदवले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने विषयच गुंडाळला. तडजोड हाताशी आलेली असताना हे झाले, याचा मला आजही राग येतो.

न्यूझीलंडमध्ये १९८१ साली सोशल क्रेडिट पक्षाला २० टक्क्यांहून अधिक मते पडली आणि ९२ पैकी जागा मिळाल्या फक्त २. तिथे १९९२ मध्ये थेट मतदारांनाच विचारले गेले : पद्धत बदलायची का, आणि बदलायची तर चारपैकी कोणती? सुमारे ८५ टक्के लोक बदलाच्या बाजूने उभे राहिले. पुढच्या वर्षी निर्णायक सार्वमत झाले, त्यात नवी पद्धत जवळपास ५४ टक्क्यांनी जिंकली. आता तिथल्या मतपत्रिकेवर डावीकडे पक्षाला खूण करायची, उजवीकडे उमेदवाराला. डावीकडच्या मतांवर पक्षांच्या जागांचे प्रमाण ठरते, उजवीकडच्या मतांवर आपल्या भागाचा खासदार. शिवाय ५ टक्के मते किंवा एक मतदारसंघ जिंकल्याखेरीज प्रमाणातला वाटा मिळत नाही, म्हणजे संसदेचे तुकडे होण्याची भीतीही विचारात घेतली गेली. तिन्ही मागण्या एका कागदावर मावल्या!

पक्षांनी आपले म्हणणे जरूर मांडावे, पण सुधारणेचा मसुदा त्यांच्या हाती नको. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००४ मध्ये प्रत्येक मतदारसंघातून चिठ्ठीने निवडलेल्या एक स्त्री आणि एक पुरुष अशा सामान्य नागरिकांनी तो तयार केला. २००५ च्या सार्वमतात त्याला ५७.७ टक्के मते मिळाली. सरकारने अट घातली होती ६० टक्क्यांची, आणि प्रस्ताव पडला. ती अट किती असावी, हेही त्याच नागरिकांवर सोपवायला हवे होते.

– एक वाचक