उद्घाटनाचा नको, पाचव्या वर्षाचा फोटो छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एका शाळेतल्या जलशुद्धीकरण यंत्राच्या लोकार्पणाचा फोटो आला होता. परदेशातल्या रोटरीसारख्या एका सेवाभावी क्लबची मदत, इथल्या क्लबचा पुढाकार, फीत कापणारे पाहुणे आणि पहिला पेला हातात धरलेली एक चिमुरडी. फोटो पाहून आनंद झाला आणि पोटात कालवलंही. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आमच्या शाळेलाही असंच यंत्र मिळालं होतं. बोअरचं पाणी मचूळ. मुलं घरून बाटली आणायची, ती मधल्या सुट्टीपर्यंत संपायची. क्लबच्या मंडळींनी मनापासून काम केलं. पहिलीतल्या पोरांचे हात पोचावेत म्हणून दोन नळ मुद्दाम खाली बसवून घेतले. दीड वर्ष यंत्र उत्तम चाललं. मग मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, चोंदलं. नव्या मेम्ब्रेनचा खर्च सादिलमध्ये, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या अनुदानात, बसेना. क्लबच्या अध्यक्षांना फोन केला, तर ते म्हणाले, ‘‘सर, माझं वर्ष संपलं. नव्या अध्यक्षांशी बोला.’’ नव्या अध्यक्षांनी त्यांचं वर्ष दुसऱ्याच प्रकल्पाला दिलं होतं. मी निवृत्त झालो तेव्हा यंत्राच्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती होती. दारावरची कोनशिला मात्र जशीच्या तशी.

यात कुणाची नियत वाईट नव्हती, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. रोटरी असो वा लायन्स, या क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि दरवर्षी अध्यक्ष बदलतो. प्रत्येकाला आपल्या वर्षात काहीतरी उभं करायचं असतं. आदल्या वर्षी उभं राहिलेलं चालू ठेवणं हे कुणाच्याच वाट्याला येत नाही.

पण याच मंडळींचं दुसरं रूपही मी पाहिलं आहे. १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी आम्ही शिक्षक बूथवर असायचो. तालुक्याच्या क्लबचे लोक पहाटे स्वतःच्या गाड्यांतून लसीच्या पेट्या वस्त्यांवर पोचवायचे. लसीच्या कुपीवरच्या वर्तुळातला चौकोन उष्णतेनं वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी बाद, हे एका सराफानं मला शिकवलं होतं! पुढे घरोघरी फिरताना दारावर खडूनं खूण करायचो. सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, एकही मूल राहिलं तर ‘एक्स’. एक्सच्या घरी पुन्हा जायचं. मूल मामाकडे गेलं असेल तर परत आल्यावर जायचं. आजीनं दार लावून घेतलं तर आजीला ओळखणारं माणूस घेऊन जायचं.

रोटरीनं हे काम १९७९ मध्ये फिलिपिन्समधल्या साठ लाख मुलांपासून सुरू केलं आणि १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ म्हणून जगभराचं व्रत घेतलं. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि सरकारं सोबत आली तेव्हा सव्वाशे देशांत मिळून वर्षाला साडेतीन लाख मुलं पोलिओनं पंगू होत होती. उत्तर प्रदेशात लसीविषयी गैरसमज पसरले, तेव्हा रोटरीनं उलेमांची, म्हणजे मुस्लिम धर्मगुरूंची, समिती करून त्यांनाच लोकांशी बोलायला सांगितलं. तरीही २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. पुढच्या वर्षी ४२. आणि २०११ च्या जानेवारीत हावड्यातली एक लहानगी, ती शेवटची. २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. या काळात रोटरीचे किती जागतिक अध्यक्ष आले-गेले. २०११-१२ मध्ये तर आपल्या शेजारच्या वापीचे कल्याण बॅनर्जी होते. त्यांतल्या कुणीही ‘माझं वर्ष संपलं’ म्हणून पोलिओ सोडून दिला नाही. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानात तो अजून आहे, म्हणून काम आजही चालूच आहे.

मग हीच चिकाटी एका शाळेच्या नळाला का मिळू नये? रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटसाठी, म्हणजे मोठ्या आंतरराष्ट्रीय अनुदानासाठी, प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो आणि गावाची गरज आधी तपासावी लागते. ते योग्यच आहे. पण आमच्यासारख्या शाळांना त्याहून साध्या गोष्टी हव्यात. देणगीतला काही भाग देखभालीसाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात बाजूला ठेवावा. कोनशिलेवर देणगीदारांच्या नावाखाली जवळच्या मेकॅनिकचा फोन नंबर असावा. आणि नव्या अध्यक्षांनी पदभार घेतल्यावर पहिल्या महिन्यात जुन्या प्रकल्पांच्या गावी एक चक्कर मारावी, खडू घेऊन. जे बंद आहे तिथे एक्स.

आपल्यालाही एक विनंती. लोकार्पणाचे फोटो जरूर छापा, देणाऱ्यांचा उत्साह त्यानं वाढतो. पण पाच वर्षांपूर्वी छापलेल्या यंत्राचं आज काय झालं, तेही त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या फोटोसह येऊ द्या. त्या चिमुरडीच्या शाळेत आपला वार्ताहर पुढच्या उन्हाळ्यानंतर जाणार असेल, तर मला कळवा. मी सोबत येईन. मेम्ब्रेन शेवटचं कधी बदललं, हे तिथे नेमकं कुणाला विचारायचं ते मला ठाऊक आहे.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक