साठ नग गेले कोठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमांत 'व्यवस्थापन माहिती प्रणाली' (इंग्रजी आद्याक्षरांनी 'एमआयएस'), म्हणजे रोजच्या नोंदींतून निर्णयासाठी माहिती काढण्याची व्यवस्था, हा विषय बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि तितक्याच वर्षांपासून तो परीक्षेच्या आदल्या रात्री गाइडमधून उरकला जातो. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लेखा विभागात मी काम करतो. दर उन्हाळ्यात नव्या पदवीधरांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे असते आणि त्यांत मी एक प्रश्न हमखास विचारतो : संगणकावर एका वस्तूचा साठा ४०० नग दिसतो, भांडारात मोजले तर ३४० भरतात, तुम्ही शोध कोठून सुरू कराल? व्याख्या, प्रणालीचे प्रकार, व्यवस्थापनाच्या स्तरांची ती त्रिकोणी आकृती (तळाशी रोजचे काम, मध्ये देखरेख, वर धोरण) असे सारे तोंडपाठ असलेली मुले या प्रश्नापाशी गप्प होतात. एकाने तर 'रिपोर्ट पुन्हा काढून बघेन' असे प्रांजळपणे सांगितले.

मुलांना दोष देण्याआधी आम्ही कचेरीतल्यांनी स्वतःकडे पाहायला हवे. आमच्याकडे 'एमआयएस गेला का?' याचा अर्थ महिन्याच्या पाच तारखेपर्यंत साहेबांच्या मेजावर जाणारा एक्सेलचा तक्ता, एवढाच उरला आहे. 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह' म्हणून ज्याला घेतात त्याला व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल ही एक्सेलची तंत्रे आली की पुरते. तक्ता हे या कामाचे शेवटचे टोक आहे. साठ नगांचा हिशोब त्याच्या खूप आधी बिघडलेला असतो : नाकारलेला माल संगणकात नोंद न होता पुरवठादाराकडे नुसत्या गेटपासवर परत गेलेला असतो, एकच बोल्ट दोन निरनिराळ्या कोडखाली नोंदलेला असतो, किंवा माल सोमवारपासून वापरात असतो आणि त्याच्या चिठ्ठ्या शनिवारी एकगठ्ठा चढवल्या जातात. समोरचा आकडा कोणी, कधी आणि कशावरून लिहिला हे विचारण्याची सवय लावणारा अभ्यासक्रमातला विषय माझ्या मते हाच, आणि म्हणूनच तो 'स्कोअरिंग पेपर' म्हणून वाया जाताना पाहवत नाही.

ही सवय नसली तर काय होते, याचे मोठे उदाहरण मुंबईतच घडले. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून काही वर्षे हिरे व्यापाऱ्यांच्या कंपन्यांसाठी हमीपत्रे दिली जात होती. परदेशातील बँक शाखांना त्यांचे संदेश 'स्विफ्ट' या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून जात, पण बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच होत नसे, कारण त्या दोन यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रकरण बाहेर आले आणि घोटाळ्याची रक्कम पुढे १३ हजार कोटींच्या वर गेली. चोरी माणसांनी केली हे खरेच. पण मुख्य प्रणालीवरून निघणाऱ्या अहवालांत ती देणी दिसणार तरी कशी? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार! हे प्रकरण आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले जाते ते नैतिकतेच्या तासाला. ते या विषयाच्या तासाला, दोन्ही यंत्रणांच्या नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी मांडून शिकवले पाहिजे.

मात्र दरवेळी बँकांपर्यंत जाण्याची गरज नाही. मी मूळचा करवीर तालुक्यातला. आमच्याकडच्या महाविद्यालयांत बीबीए करणारी कितीतरी मुले पहाटे दूध संस्थेत घागर घेऊन उभी राहिलेली असतात. तिथे सभासदाचा क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट वगळता दुधातले घन पदार्थ) आणि दर अशी चिठ्ठी निघते. सभासदासाठी ती दहा दिवसांच्या बिलातले पैसे असते, संस्थेच्या सचिवासाठी त्या वेळच्या संकलनाची बेरीज असते, आणि त्याच बेरजांवर दूध संघात पिशवीबंद दूध किती आणि भुकटीकडे किती हे ठरते. गाइडमधला त्रिकोण तो हाच. विद्यार्थ्यांना महिनाभर एका संस्थेच्या नोंदी अभ्यासायला द्याव्यात आणि संस्थेची बेरीज संघाच्या पावतीशी ताडून पाहायला सांगावे. एकीकडे लिटर आणि दुसरीकडे किलो असेल तर हजार लिटरमागे सुमारे तीस किलो 'जास्त' दिसतील, कारण दुधाचे एक लिटर साधारण १.०३ किलो भरते. हा फरक एककाचा की मापातल्या चुकीचा की लबाडीचा, हे ज्याला सोडवता आले त्याला विषय समजला. २०२४ च्या आरंभी राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर केले, तेव्हा जनावराच्या कानातल्या बिल्ल्याची ऑनलाइन नोंद आवश्यक ठरली. नोंद नाही तर पैसे नाहीत, हा धडा शेतकऱ्याच्या घरात परस्पर पोहोचला.

कायद्यानेही आता लहान उद्योजकाला मोकळे ठेवलेले नाही. पुरवठादाराने आपले बीजक जीएसटीच्या पोर्टलवर दाखवले नसेल, तर १ जानेवारी २०२२ पासून खरेदीदाराला त्या कराची वजावट मिळत नाही. कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बीजक, लागू झाले. भोसरीतला बराच लहान गाळाही ही मर्यादा ओलांडतो.

प्रणाली घाईने आणली तर काय होते, याचा अनुभव मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१७ साली घेतलाच आहे. लाखो उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय पुरेशा पूर्वतयारीविना झाला, निकाल काही महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या रखडलेल्यांत वाणिज्य शाखेची मुले मोठ्या संख्येने होती. त्यांच्याच प्रश्नपत्रिकेत 'माहिती प्रणालीचे फायदे लिहा' असा प्रश्न आलेला असल्यास नवल वाटायला नको.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती एवढीच आहे की, या विषयाच्या गुणांपैकी निम्मे तरी प्रत्यक्ष नोंदींवरच्या कामाला द्यावेत आणि ते काम दूध संस्था, पतसंस्था, किराणा दुकान, लहान कारखाना असे जिथे मुलांची ओळख असेल तिथे करू द्यावे. प्राध्यापकांना त्यासाठी वेळ आणि तासिका तत्त्वावरच्यांना मानधन द्यावे लागेल, हेही उघड आहे. आमच्याकडे औद्योगिक भेटीसाठी दरवर्षी महाविद्यालयांच्या बस येतात. मुले यंत्रे पाहतात, चहा घेतात, फाटकाशी सामूहिक छायाचित्र काढून परततात. पुढच्या वेळी त्यांच्या शिक्षकांनी मुलांना अर्धा दिवस भांडारात बसवावे, आवक नोंदवही आणि गेटपासचे पुस्तक आम्ही त्यांच्यापुढे ठेवू.

आपला,
लेखा विभागातील एक कर्मचारी,
भोसरी, पुणे