सपाट स्क्रीन काल-परवाची नाही

संपादक साहेब, स.न.वि.वि.

लातूरच्या मोंढ्यात आमच्या अडतीच्या दुकानात वडलांचा जुना कॅल्क्युलेटर अजून गल्ल्यात आहे, तिरका धरला की आकडे गायब, काचेवर अंगठा दाबला की काळा डाग पसरतो अन् सोडला की परत होता तसा. परवा पोरगा म्हणायला लागला, पप्पा सपाट स्क्रीन तर मोबाईल आल्यावर निघाली ना. अजिबात नाही.

१८८८ ला प्रागमध्ये फ्रिडरिक राइनिट्झर या वनस्पतीशास्त्रज्ञाला गाजरातल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना दिसलं की एक पदार्थ १४५ अंशाला वितळून गढूळ होतो अन् १७९ ला एकदम स्वच्छ, म्हणजे दोनदा वितळतो, मधली ती गढूळ अवस्था हेच लिक्विड क्रिस्टल, कॅल्क्युलेटरच्या काचेमागं असतं तसलं! मग ऐंशी वर्षांनी, १९६८ ला अमेरिकेत आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांच्या टीमनं त्याचा डिस्प्ले जगाला दाखवला अन् १९७३ ला शार्प कंपनीचा एलसीडी, म्हणजे लिक्विड क्रिस्टल डिस्प्लेवाला, कॅल्क्युलेटर बाजारात आला. प्लाझ्मा ही दुसऱ्या प्रकारची सपाट स्क्रीन तर त्याच्याही आधी, १९६४ ला इलिनॉय विद्यापीठात, तोही टीव्हीसाठी नाही तर कॉम्प्युटरवर पोरांना शिकवायला.

अन् आपले शास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर (नोबेलवाले खगोलशास्त्रज्ञ ते वेगळे), यांनी १९७७ ला बेंगळुरूच्या रामन संस्थेत चकतीसारख्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल शोधले, जगात पहिल्यांदा, हे आमच्या इकडं मास्तरलोकांनाही माहीत नाही याचं फार वाईट वाटतं. तुमच्या रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर एक पानभर लेख छापा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, लातूर